बर्फ वितळतो, मग हा का उडतो?

श्रावण सरत आला की या सदराच्या टपालात ड्राय आइस हमखास डोकावतो. मखरासमोरचं धुकं, शाळेतलं विज्ञान प्रदर्शन, गावी पाठवायची मासळी, कारणं निरनिराळी. या वेळी निवडलेले प्रश्न सगळे त्याच्यावरच आहेत.

प्रश्न : पुस्तकात संप्लवन म्हणजे स्थायूचं थेट वायूत रूपांतर, असं दिलं आहे. उदाहरणं कापूर, नॅफ्थलीन, आयोडीन आणि ड्राय आइस. पण मधली द्रव अवस्था जाते कुठे? आणि आरतीत कापूर तर वितळताना दिसतो! (विद्यार्थिनी, इयत्ता नववी, मुलुंड)

उत्तर : आरतीच्या ताटात तू जे पाहिलंस ते अगदी बरोबर आहे. पुस्तकाने या चौघांना एका ओळीत बसवलं असलं तरी ते एका जातीचे नाहीत.

कुठलाही स्थायू घे. त्याच्या पृष्ठभागावरून काही रेणू सतत सुटून जात असतात. त्या वाफेचा जो दाब तयार होतो तो बाष्पदाब, आणि तापमान वाढेल तसा तो वाढतो. स्थायूला ऊब देत गेलं की दोनपैकी एक गोष्ट आधी घडते. एकतर त्याचा वितळबिंदू येतो, नाहीतर त्याचा बाष्पदाब बाहेरच्या हवेच्या दाबाची बरोबरी करतो.

पाण्याच्या बर्फाचं बघ. तो 0 अंश सेल्सिअसला पोचतो तेव्हा त्याचा बाष्पदाब हवेच्या दाबाच्या शंभराव्या हिश्शाहूनही कमी असतो. म्हणजे वितळबिंदू कितीतरी आधी येतो आणि बर्फाचं पाणी होतं. ड्राय आइस म्हणजे गोठलेला कार्बन डायऑक्साइड. त्याचा बाष्पदाब उणे 78.5 अंशांनाच हवेच्या दाबाइतका होतो. वितळायला मात्र उणे 56.6 अंशांपर्यंत चढावं लागतं, आणि तेही हवेच्या 5.1 पट दाबाखाली. उघड्यावर तो तिथवर पोचतच नाही. उकळतं पाणी चुलीवर कितीही वेळ ठेवलं तरी 100 अंशांच्या वर जात नाही, सगळी उष्णता वाफ करण्यात जाते. तसाच ड्राय आइस मिळेल ती उष्णता वायू होण्यात घालवतो आणि उणे 78.5 च्या वर सरकत नाही.

तेव्हा द्रव कार्बन डायऑक्साइड कुठे गेला, याचं उत्तर असं की तो आहे, फक्त त्याला दाब लागतो. घरच्या कुकरमध्ये शिट्टी होते तेव्हा आत हवेच्या साधारण दुप्पट दाब असतो, म्हणजे तिथेही तो वितळणार नाही. (करून बघू नकोस. शिट्टीचं भोक बर्फाने बुजलं तर कुकरचं काय होईल ते सांगायला नको.) पण तुमच्या सोसायटीच्या लिफ्टजवळ, मीटरच्या खोलीबाहेर, आग विझवायचा, काळ्या कर्ण्याचा लाल सिलिंडर टांगलेला असेल तर त्यात हाच पदार्थ द्रवरूपात भरलेला असतो. 20 अंशांना आतला दाब हवेच्या सुमारे 57 पट असतो. त्यातही एक गंमत आहे. कार्बन डायऑक्साइड 31 अंशांच्या वर कितीही दाबला तरी द्रव होत नाही. म्हणजे मे महिन्यातल्या दुपारी जिन्यात 34 अंश असताना त्या सिलिंडरमध्ये द्रव नसतोच. द्रव आणि वायू यांच्यातली सीमा पुसली गेलेली, दाट अशी एकच अवस्था असते. पावसाची सर येऊन जिना गार झाला की आत पुन्हा द्रवाची पातळी तयार होते. बाहेरून कुणाला पत्ताही लागत नाही.

हा सिलिंडर चालवला की कर्ण्यातून पांढरा भुगा उडतो तो ड्राय आइसच. कारखान्यातही तो असाच बनवतात. उणे 20 अंशांच्या आसपास, हवेच्या 20 पट दाबाखाली ठेवलेला द्रव एकदम मोकळ्या दाबात सोडतात. अर्ध्याहून जास्त द्रवाचा वायू होतो, तो जाताना उरलेल्याची उष्णता घेऊन जातो आणि उरलेल्याचा हिमासारखा भुगा होतो. तो यंत्राने दाबून लाद्या किंवा गोळ्या पाडतात.

आता कापूर. तो साधारण 175 ते 180 अंशांना वितळतो आणि त्याला जादा दाबाची गरज नसते. ज्योतीखाली तेवढी उष्णता मिळते म्हणून ताटात ओल पसरते. डांबरगोळीतलं नॅफ्थलीन तर 80 अंशांनाच वितळतं. हे दोघे कपाटात वितळत नाहीत, कारण कपाट तेवढं तापत नाही. त्यांचा बाष्पदाब मात्र इतपत असतो की महिन्या-दोन महिन्यांत गोळी झिजून जाते. थोडक्यात, कापूर आणि डांबरगोळी उडतात पण वितळूही शकतात. ड्राय आइसला आपल्या हवेत वितळणं शक्यच नाही. परीक्षेत चौघांची नावं लिही, पण फरक हा आहे.

दाब कमी केला तर काय होईल, हेही ओघाने सांगतो. मंगळावर हवेचा दाब आपल्या शंभराव्या भागाहूनही कमी आहे. तिथे हाच बर्फ उणे 125 अंशांच्या आसपासच उडू लागतो. मंगळाच्या ध्रुवांवर हिवाळ्यात त्याचा थर साचतो आणि वसंतात उडून जातो.

प्रश्न : आम्ही चाळीतल्या दहा बाय बाराच्या खोलीत कैलासाचा देखावा करतो. आरतीच्या वेळी ड्राय आइसचं धुकं सोडायचं ठरवलं आहे. गेल्या वर्षी पाच मिनिटांत धुकं बंद पडलं. ते अर्धा तास टिकवायचं तर किती किलो आणावा? (चाळीतील उत्सव समिती, काळाचौकी)

उत्तर : किलोच्या आधी खोलीचं माप घेऊ. दहा बाय बारा, उंची नऊ फूट धरली तर 1,080 घनफूट, म्हणजे साधारण 30 हजार लिटर हवा. एक किलो ड्राय आइस पूर्ण उडाला की 30 अंशांना त्याचा सुमारे 565 लिटर वायू होतो. खिडक्या बंद असतील तर एका किलोने खोलीतल्या कार्बन डायऑक्साइडचं प्रमाण 1.8 टक्क्यांच्या वर जातं. एरवी हवेत तो 0.04 टक्के असतो. कामाच्या ठिकाणी आठ तासांसाठी 0.5 टक्के आणि पंधरा मिनिटांसाठी 3 टक्के ही मर्यादा मानली जाते. तीन किलो उडवलेत तर साडेपाच टक्के होतील: डोकं जड, धाप, छातीत धडधड. दहा टक्क्यांच्या आसपास माणूस काही मिनिटांत बेशुद्ध पडतो. फेब्रुवारी 2020 मध्ये मॉस्कोत एका वाढदिवसाच्या पार्टीत, बंद जागेतल्या पोहण्याच्या तलावात सुमारे 25 किलो ड्राय आइस ओतला गेला आणि तीन जण दगावले. हेतू धुक्याचाच होता.

वर हा वायू हवेच्या दीडपट जड, आणि थंड असल्याने आणखीच खाली बसतो. आरतीला पुढे जमिनीवर बसलेली मुलं नेमकी त्या थरात असतात. समई तेवत आहे म्हणजे हवा ठीक, असं काही जण सांगतात. त्यावर भरवसा ठेवू नका. ज्योत विझायला जेवढा वायू लागतो त्याच्या आधीच माणूस आडवा होतो.

म्हणून या खोलीत एका आरतीला अर्धा किलो, फार तर एक किलो. दार आणि समोरची खिडकी उघडी, आणि दोन आरत्यांच्या मध्ये निदान अर्धा तास पंखा. एक्झॉस्ट पंखा लावायचा तर छताशी नको, दाराजवळ जमिनीलगत लावा. जड वायू उंबऱ्याशी साचतो, तो तिथूनच बाहेर निघतो. अर्धा तास सलग धुकं हवंच असेल तर देखावा मंडपात हलवा.

आता धुकं बंद का पडतं ते. पांढरं दिसतं ते कार्बन डायऑक्साइड नव्हे, तो वायू डोळ्यांना दिसतच नाही. दिसतात ते पाण्याचे बारीक थेंब, आणि त्यांतलं बरंचसं पाणी तुमच्या पातेल्यातलंच असतं. ऊन पाण्यात बुडबुडा उठतो तेव्हा त्यात वाफ शिरते, थंड वायूने ती जागीच थिजते आणि बुडबुडा फुटला की धुकं सांडतं. पाणी थंड झालं की वाफ कमी, म्हणून धुकंही कमी. अर्धा किलो ड्राय आइस चार लिटर पाण्याचं तापमान सुमारे 20 अंशांनी उतरवतो. नळाचं 28 अंशांचं पाणी घेतलं असेल तर ते 8-10 अंशांवर येतं. त्यातच तुकड्याभोवती पाण्याच्या बर्फाचं कवच चढतं. ते कवच उष्णता अडवतं, तुकडा आत तसाच आणि वर नुसतेच चुकार बुडबुडे. गेल्या वर्षी बहुधा हेच झालं. काळजी नको, तुकडे खराब नव्हते.

यंदा असं करा. आठ-दहा लिटरचं स्टीलचं पातेलं निम्मं भरा, पाणी साधारण 60 अंश, म्हणजे बोट बुडवता येणार नाही इतपत कढत. सुपारीएवढे तुकडे भाताच्या चाळणीत घालून, तिला तार बांधून पाण्यात सोडा. धुकं नको तेव्हा चाळणी वर उचलली की थांबतं. एका वेळी 200 ते 250 ग्रॅम पुरे. भुगा घातलात तर एकदम उसळेल आणि मिनिटात संपेल, मोठी लादी घातली तर कवच धरेल. धुकं मंदावलं की निम्मं पाणी काढून कढत पाणी ओता. छताचा पंखा तेवढ्यापुरता बंद ठेवा, नाहीतर कैलासाचं धुकं थेट गॅलरीत.

धुकं म्हणजे पाणीच असल्याने फरशी ओली होते. रोषणाईचे एक्स्टेंशन बोर्ड जमिनीवरून उचलून पाटावर ठेवा. मुलांना पातेल्यापासून चार हात लांब, आणि कुणीही धुक्यात तोंड घालून फोटो काढायचा नाही, तिथे वायू सर्वांत दाट असतो.

प्रश्न : मुलीकडे नागपूरला आठ किलो सुरमई पाठवायची आहे. रात्रीची बस सोळा तास घेते. ड्राय आइस किती, आणि मासळीच्या वर ठेवायचा की खाली? (गृहिणी, वर्सोवा)

उत्तर : आधी ठरवा, ताई, मासळी ताजी पाठवायची की गोठवलेली. ताजी हवी असेल तर ड्राय आइस चुकीचा. उणे 78 अंशांना चिकटलेली तुकडी दगड होते, कडा सुकून पांढऱ्या पडतात. ताज्या मासळीला ससून डॉकवर मारतात तोच साधा कुटलेला बर्फ बरा, तो तिला 0 अंशापाशी धरून ठेवतो.

गोठवलेली पाठवायची तर ती आधी डीप फ्रीजरमध्ये चोवीस तास कडक करून घ्या. हा टप्पा गाळला तर सगळा हिशेब कोसळतो. एक किलो ड्राय आइस उडताना 571 किलोज्यूल उष्णता ओढतो (साधा बर्फ वितळताना 334). आठ किलो ओल्या मासळीतलं पाणी गोठवायलाच साडेतीन-चार किलो ड्राय आइस खर्ची पडतो, प्रवासाला काय उरणार?

पेटी दोन इंच जाड थर्माकोलची. आतून फूटभर लांब, रुंद, उंच अशा पेटीतून आपल्या 30-32 अंशांच्या हवेत दिवसाला साधारण चार ते सहा किलो उडतो. भिंत एक इंचाची असेल तर जवळपास दुप्पट. सोळा तासांना चार किलो लागतील, बस रखडते हे धरून सहा घ्या. गोळ्यांपेक्षा लादी घ्या. तेवढ्याच वजनाला तिचा पृष्ठभाग कमी, म्हणून ती सावकाश उडते. मासळी जाड प्लॅस्टिकच्या पिशव्यांत, तिच्यावर वर्तमानपत्राचे तीन-चार पदर, त्यावर लादी. वरच ठेवायची, कारण थंड वायू जड असतो, खाली उतरत मासळीतून जातो. उरलेली पोकळी कागदाच्या बोळ्यांनी भरा, रिकामी जागा राहिली की आत हवा फिरते आणि लादी लवकर संपते.

झाकणाला चारही बाजूंनी चिकटपट्टी मारू नका. सहा किलोचा साडेतीन हजार लिटरांच्या घरात वायू होणार आहे, तो बाहेर पडायला हवाच. दोन बाजूंना पट्टी, बाकीच्या मोकळ्या. पेटीवर ‘ड्राय आइस, 6 किलो’ असं मोठ्या अक्षरांत लिहा आणि बसवाल्याला आधी विचारा. ती खालच्या डिकीतच जाईल, प्रवासी बसतात तिथे नाही. स्टँडपर्यंत टॅक्सीने नेताना काचा उघड्या ठेवा. गाडीतल्या हवेचं माप जेमतेम तीन हजार लिटर, आणि एसी आतलीच हवा फिरवत असेल तर तासाभरात त्या पेटीतून निघालेला वायू तीन-चार टक्क्यांवर जाऊ शकतो. विमानाने कुणी जाणार असेल तर एका प्रवाशाला अडीच किलोपर्यंतच, तेही कंपनीची परवानगी घेऊन आणि वायू सुटेल अशा पेटीत.

मुलीला सांगून ठेवा: पेटी गॅलरीत उघडायची, उरलेली लादी तिथेच ठेवायची, आपोआप नाहीशी होते. बेसिनमध्ये टाकली तर सिरॅमिक तडकतं. हात लावायचा तर चामडी किंवा जाड सुती हातमोजे, नाहीतर सरळ सांडशी. पातळ रबरी मोजा कडक होऊन कातडीला चिकटतो. चटका बसलाच तर चोळायचं नाही, कोमट पाण्यात हात धरायचा आणि फोड आला तर डॉक्टर.

प्रश्न : उरलेला ड्राय आइस दुसऱ्या दिवसासाठी घरच्या फ्रीजरमध्ये ठेवावा का? (वाचक, बोरिवली)

उत्तर : नाही. तुमचा फ्रीजर उणे 18 अंशांचा, म्हणजे ड्राय आइसच्या मानाने साठ अंशांनी गरम. तो उडतच राहणार. शिवाय थर्मोस्टॅटला वाटतं गारवा भरपूर झाला आणि कॉम्प्रेसर बंद पडतो, खालच्या कप्प्यात दूध नासतं. दुसऱ्या दिवशी लागणार असेल तर दुसऱ्या दिवशीच आणा.

प्रश्न : वर्गात मुलांना ड्राय आइसचे प्रयोग दाखवायचे आहेत. द्रव कार्बन डायऑक्साइड डोळ्यांनी दाखवता येईल का? (शिक्षक, गिरगाव)

उत्तर : येईल, पण बाटलीत कधीच नाही. प्लॅस्टिकच्या किंवा काचेच्या बाटलीत तुकडे घालून बूच लावणं म्हणजे बॉम्ब करणं. कधी फुटेल याचा अंदाज कुणालाच नसतो.

प्रयोगशाळेत औषध थेंबाथेंबाने सोडायला एकसंध पॉलिथीनचा मऊ ड्रॉपर मिळतो, तो घ्या. टोक थोडं कापून तांदळाएवढे आठ-दहा दाणे फुग्यात सारा. मान दुमडून पक्कडीने घट्ट दाबा आणि फुगा पारदर्शक ग्लासातल्या पाण्यात बुडवा. थोड्याच वेळात दाण्यांच्या कडा ओलसर होतात आणि तळाशी नितळ द्रव जमतो. त्या क्षणी आत हवेच्या पाचपट दाब झालेला असतो. पक्कड सैल करा: द्रव एका झटक्यात पांढरा भुगा होतो. पुन्हा दाबा, पुन्हा द्रव. तीन-चार वेळा करता येतं. फार वेळ दाबून धरलं तर फुगा मोठ्याने फुटतो आणि पाणी उडतं, म्हणून तुम्हाला आणि पहिल्या बाकाला गॉगल हवाच. पक्कड मुलांच्या हाती देऊ नका.

सोपे प्रयोग मुलांना करू द्या. लादीवर स्टीलचा चमचा टेकवला की तो किंचाळतो. धातू झपाट्याने उष्णता देतो, खाली वायू उसळतो, चमचा उचलला जातो, पुन्हा पडतो, असं सेकंदाला शेकडो वेळा. चमचा गार झाला की आवाज मरतो, पाण्यात बुडवून परत टेकवा. रुपयाचं नाणं लादीच्या खाचेत उभं केलं तर थरथरतं. दहा ग्रॅम तुकडे फुग्यात भरून तोंड बांधलं तर फुगा हळूहळू 22 सेंटिमीटर व्यासाचा होतो. त्याहून जास्त भरू नका. चुन्याच्या निवळीत चिमूटभर हळद घातली की कुंकवाचा रंग येतो. त्यात एक तुकडा सोडा: निवळी दुधाळ होते आणि लाल रंग पिवळ्यावर येतो, कारण वायू पाण्यात विरघळून आम्ल बनतो आणि चुना संपवतो.

प्रश्न : हॉटेलात सरबताच्या ग्लासातून धूर निघतो, ते पिणं सुरक्षित आहे का? (वाचक, वांद्रे)

उत्तर : तळाशी तुकडा असेपर्यंत नाही. सरबतात विरघळलेला वायू सोड्यातलाच, त्याचं भय नाही. भय गिळलेल्या तुकड्याचं. तो बुडतो, म्हणून शेवटच्या घोटाबरोबर तोंडात येतो. मार्च 2024 मध्ये गुरुग्रामच्या एका हॉटेलात जेवणानंतर मुखशुद्धी म्हणून दिलेला पदार्थ ड्राय आइस निघाला आणि पाच जणांना रक्ताच्या उलट्या झाल्या. जाणकार बारमध्ये तुकडा जाळीच्या कप्प्यात अडकवलेला असतो. तसं नसेल तर बुडबुडे पूर्ण थांबेपर्यंत ग्लास हातात घेऊ नका, आणि मुलांसाठी मागवूच नका.

प्रश्न : हा वायू हवेत सोडून आपण तापमानवाढीत भर घालतो का? (वाचक, विलेपार्ले)

उत्तर : विक्रीचा कार्बन डायऑक्साइड बहुधा खत कारखाने आणि मद्यार्काच्या भट्ट्यांतून बाहेर पडणारा वायूच गोळा करून शुद्ध केलेला असतो. तो नाहीतरी हवेत गेलाच असता. भर पडते ती तो द्रव करायला लागणाऱ्या विजेची आणि वाहतुकीच्या डिझेलची. एक किलो ड्राय आइसचा एकच किलो वायू होतो. पेट्रोलच्या एका लिटरमधून निघतो साधारण 2.3 किलो.